नकाराची पोच

गेल्या श्रावणात आमच्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशींचं बँकेतलं खातं गोठलं. दादरला केशवसुत पुलाखाली त्या पहाटे चारपासून बसतात. श्रावणात पालेभाजीबरोबर आघाडा, दूर्वा, बेल आणि केळीची पानंही ठेवतात. एका गिऱ्हाइकाने ३४० रुपयांची पत्री आणि पानं घेतली, मोबाइलवरून पैसे दिले. ते पैसे चार खात्यांतून फिरत आलेले होते आणि मुळात दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी फसवून काढलेले होते. त्या माणसाने तक्रार केली. तिथल्या पोलिसांनी पैशांचा माग काढत बँकांना कळवलं. मावशींच्या बँकेने ३४० रुपये अडवायचे ते अख्खं खातंच अडवलं. खात्यात ४१ हजार होते, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी जमवलेले.

बँकेच्या भाषेत याला ‘डेबिट फ्रीझ’ म्हणतात. पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. त्यामुळे मावशींच्या टोपलीशेजारचा तो छोटा डबा दिवसभर बोलतच राहिला. वीस रुपये मिळाले, साठ रुपये मिळाले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोवाल्याकडून माल उचलायला त्यांच्या हातात रोख नव्हती.

शाखेत त्या तीनदा गेल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘आमच्या हातात काही नाही, वरून आलंय.’ चौथ्या वेळी मी बरोबर गेलो. नायगावला आमच्या चाळीतल्या वाचनालयात दर रविवारी मी लोकांचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे असल्या खिडक्यांपुढे उभं राहायची सवय आहे. मी विचारलं, वरून म्हणजे कुठून? मुख्य कार्यालयातून. तिथे कुणी अडवलं? ते सिस्टीमवर येतं. सिस्टीमवर कुणी टाकलं? सायबर सेलने. कुठल्या? त्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. त्यावर एक ईमेलचा पत्ता आणि एक तक्रार क्रमांक होता. माणसाचं नाव कुठेच नव्हतं.

मुलगा पंचविशीतला असेल. तो टोलवाटोलवी करत नव्हता. त्याच्या हातात खरोखरच काही नव्हतं. मुख्य कार्यालयातल्या माणसाच्याही हातात नसावं. तिकडच्या पोलिसाने फक्त ३४० रुपयांचा माग पाठवला होता, अख्खं खातं बंद करा असं त्याने कुठे म्हटलं होतं का, तेही कुणी सांगू शकेना. आणि तरीही मावशी अडल्या होत्या.

संगणकांच्या जाळ्यांमुळे समाजावर कुणाचा ताबा येतो का, हा प्रश्न हल्ली लोकलच्या डब्यातही निघतो. ‘सगळं त्यांच्या हातात आहे’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. त्यातले ‘ते’ मात्र माणसागणिक बदलतात. कुणाला दिल्ली दिसते, कुणाला अमेरिकेतल्या कंपन्या, कुणाला चीन. माझं म्हणणं वेगळं आहे. समाज या जाळ्यांमुळे कुणाच्या मुठीत आलेला नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. एकेकटा माणूस मात्र येतो, रोज येतो. आणि समाज मुठीत जाईल या भीतीने आपण इतके व्यापले गेलोय की समोर अडलेला माणूस आपल्याला दिसेनासा झालाय.

आधी समाजाचं बोलू.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतातल्या सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर सव्वा महिन्याने, २१ सप्टेंबरला, गणपती दूध प्यायला लागला. मी तेव्हा शाळेत होतो. आजीने पितळेची वाटी पदराखाली धरली होती आणि देवळाची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. दुपारी दूधकेंद्रावरचं दूध संपलं. ही बातमी एका दिवसात देशभर गेली, परदेशातल्या देवळांपर्यंत गेली. कशावरून? घरातल्या फोनवरून, पीसीओवरून, शेजारणीच्या तोंडून. तेव्हा इंटरनेट देशात नावापुरतं होतं. त्या दिवशी मुंबई कुणाच्या ताब्यात होती? कुणाच्याच नाही. लोकांना विश्वास ठेवावासा वाटला आणि त्यांनी ठेवला.

तीच गोष्ट फार वाईट रूपात आपण १ जुलै २०१८ला पाहिली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा व्हॉट्सअॅपवरून फिरणाऱ्या अफवांपायी. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जगातली एवढी मोठी कंपनी, पण घटना घडून गेल्यावर दाराला आगळ घालण्यापलीकडे तिला काही करता आलं नाही. तिच्या मनात तसं काही घडवायचं नव्हतं, आणि घडू लागल्यावर थांबवताही आलं नाही. याला मी ताबा म्हणणार नाही. ताबा असता तर ती पाच माणसं जगली असती.

निवडणुका घ्या. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालात महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनीच २८८ पैकी २३० जागा घेतल्या. मधे पाच महिने. फोन तेच, ग्रुप तेच, दोन्हीकडच्या आयटी सेलमध्ये बसलेली पोरंही बहुधा तीच. दोन्ही निकालांची कारणं लोकांनी आपापल्या परीने मांडली आहेत आणि ती शेतमालाच्या भावापासून बायकांच्या खात्यावरच्या पैशांपर्यंत जातात. जाळं ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडे मतदार, असं साधं गणित असतं तर पाच महिन्यांत इतकी उलथापालथ झाली नसती. प्रचाराचा परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. परिणाम होणं आणि लगाम हातात असणं यांत मात्र फार अंतर आहे.

आणि ज्यांच्या हातात जाळ्याचं बटण असतं त्यांचं काय होतं? नेपाळ सरकारने ४ सप्टेंबर २०२५ रोजी फेसबुक, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमं बंद करायचा आदेश काढला. आठ तारखेला काठमांडूत तरुण मुलं रस्त्यावर आली, त्या एका दिवसात १९ जण गेले, रात्री बंदी मागे घेतली आणि नऊ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. राग भ्रष्टाचाराचा होता, बरीच वर्षं साठलेला होता. बटण दाबल्याने तो घरात बसला नाही, उलट घराबाहेर पडला.

याची एक जुनी आणि मला नेहमी अस्वस्थ करणारी गोष्ट चिलीमधली आहे. १९७१ साली साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने स्टॅफर्ड बिअर नावाच्या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावलं. सरकारी कारखान्यांत टेलेक्स, म्हणजे तारेवरून टंकलेले संदेश पाठवणारी, यंत्रं बसवायची, उत्पादनाचे आकडे रोज राजधानीतल्या संगणकाकडे आणायचे आणि देशाची अर्थव्यवस्था एका खोलीतून चालवायची, अशी सायबरसिन नावाची ती योजना होती. खोलीही बांधली, हातावर बटणं असलेल्या सात खुर्च्यांची. हेतू वाईट नव्हता, कामगारांच्या बाजूचा होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप करून देश ठप्प केला, तेव्हा या टेलेक्सच्या जाळ्याने चालू असलेल्या थोड्या ट्रकांची मोट बांधून माल हलवता ठेवला. तिथे ते कामाला आलं. पण ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने उठाव केला तेव्हा त्या सात खुर्च्या काय करणार होत्या? आकडे कळणं म्हणजे माणसं कळणं नव्हे, हे तिथे रक्त सांडून कळलं.

मुंबईत तर जाळं आपल्या पायाखालून जातं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. मावशींच्या डब्यात रुपये वाजवणाऱ्या यूपीआयची सूत्रं ज्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आहेत तिचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, दादरपासून काही किलोमीटरवर. जवळ असून हाताशी नाही, अशी ही यंत्रणा आहे. आणि ती चालवणाऱ्यांच्याही हाताशी ती नेहमी असते असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकच्याच लोकांच्या हातून झालेल्या एका बदलाने त्यांचं सगळं जाळं सुमारे सहा तास जगातून नाहीसं झालं, आणि त्यांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना इमारतींची दारं उघडेनात.

एवढं सगळं सांगितलं ते ‘काळजी नको’ असं म्हणण्यासाठी नव्हे. खरी काळजी इथून पुढे सुरू होते.

जून २०२२ मध्ये चीनच्या हनान प्रांतात काही ग्रामीण बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवल्या. ठेवीदार जाब विचारायला झेंगझोऊ शहरात निघाले. तेव्हा करोनामुळे प्रत्येकाच्या फोनवर आरोग्याचा कोड असे. हिरवा असेल तर स्टेशनात, दुकानात, बसमध्ये शिरता येई. लाल झाला की कुठेच नाही. ताप नाही, खोकला नाही, पण ठेवीदारांचे कोड एकाएकी लाल झाले. १,३१७ जणांचे. ओरड झाल्यावर पाच अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच देशातल्या मोठ्या शहरांत लोक करोनाच्या निर्बंधांविरुद्ध कोरे कागद हातात धरून उभे राहिले आणि डिसेंबरात सरकारने ते कडक निर्बंध सैल केले. आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. जगातल्या सर्वांत करड्या जाळ्याला उसळलेला समाज आवरला नाही. पण स्टेशनच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका ठेवीदाराला आवरणं त्याला अगदी सोपं गेलं. कोण्या अधिकाऱ्याने एक रंग बदलला, बस्स.

आपल्याकडेही हे घडतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे कुणाचा डावही नसतो. तेच मला जास्त भयंकर वाटतं.

आमच्या मजल्यावरच्या काकू बहात्तर वर्षांच्या आहेत. उभा जन्म दुसऱ्यांकडे पोळ्या लाटण्यात आणि भांडी घासण्यात गेला. त्यांची बोटं मी हातात घेऊन पाहिली आहेत, अंगठ्याचं टोक काचेसारखं गुळगुळीत झालंय. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर त्यांचा ‘अंगठा लागत नाही’. नियमांत याला पर्याय आहेत. मोबाइलवर ओटीपी आहे, डोळ्यांचं स्कॅन आहे, आणि अंगठा जुळला नाही म्हणून कुणालाही उपाशी परत पाठवू नये, असं आधार प्राधिकरणाने २०१७ सालीच लिहून कळवलेलं आहे. पण दुकानात प्रत्यक्षात काय होतं? काकू अंगठा टेकवतात, दुकानदार त्यावर आपला अंगठा दाबतो, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा दाबतो, मशीनवर लाल अक्षरं येतात, मागची रांग कुरकुरते, आणि तो म्हणतो, ‘आजी, पुढच्या आठवड्यात या.’ चारदा खेटे झाले की महिना संपतो. आता दुकानाच्या महिन्याच्या हिशेबात काकूंच्या नावापुढे काय दिसतं? धान्य उचललं नाही. नाकारलं असं कुठेच दिसत नाही. त्या चारदा आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, रिकामी पिशवी घेऊन जिना चढल्या, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्या आल्याच नाहीत.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या महाराष्ट्रात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्यांना ओळख मिळावी हा त्यामागचा हेतू होता आणि पुष्कळांना ती मिळाली, हे मी फॉर्म भरताना रोज पाहतो. म्हणून मी आधारच्या विरोधात नाही. माझं भांडण त्या लाल अक्षरांशी आहे, ज्यांच्याखाली कुणाची सही नसते.

याची तुलना पालघरशी करा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. घोर अन्याय होता तो. पण त्या अन्यायाला कलम होतं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. ठाणं होतं, कागद होता, जबाबदार अधिकारी होते आणि त्यांच्यावर पुढे कारवाईही झाली. म्हणूनच ते कलम न्यायालयापुढे ठेवता आलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते मुळासकट रद्द केलं. अन्याय ज्या कागदाने झाला तोच कागद हातात धरून लढता आलं. आमच्या काकूंनी कुठला कागद धरायचा?

आपल्या मातीत हा अनुभव नवा नाही. वतनदारीच्या काळातला गावचा कुलकर्णी आठवा. गाव काही त्याच्या ताब्यात नव्हतं. पाटील होता, बलुतेदार होते, जातपंचायती होत्या, भाऊबंदकी होती, आणि गाव आपल्याच तालावर चालायचं. पण दप्तर त्याच्याकडे होतं. कुणाच्या नावावर किती बाकी चढली, वसुली भरली की नाही, हे त्याने लिहिलं तेच खरं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाला त्याच्या ओट्यापाशी ताटकळावं लागे. अख्खा गाव त्याला हलवता आला नसता, पण एकेक कुळ त्याने पुरतं नागवलं. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं खालसा केली आणि तिथे पगारी तलाठी नेमले. दप्तर त्यांनी जाळलं नाही, दप्तराशिवाय राज्य चालत नाही हे ते जाणून होते. दप्तर ज्याच्या हातात त्याला त्यांनी नोकर केलं. ज्याची बदली होऊ शकते, ज्याच्यावर तक्रार होऊ शकते, ज्याचं नाव सांगता येतं, असा नोकर. आजच्या दप्तराला असा तलाठीच नाही. नोंद आहे, नोंदीमुळे अडणारा माणूस आहे, पण ओट्यावर कुणी बसलेलंच नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो खरा आहे. एकाला अडवता येतं तर लाखाला एकदम अडवता येईल, मग तो समाजावरचा ताबाच नाही का? काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून संपर्काची साधनं तोडली गेली आणि वेगवान मोबाइल इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष. मुलांची शिक्षणं, दुकानं, दवाखाने, सगळं होरपळलं. त्याला मी समाजाला दिलेली शिक्षा म्हणतो. माणसांचे हाल करता येतात, हे मान्य. पण हाल करून मनं वळवता येत नाहीत, आणि ज्याला ताबा म्हणतात त्यात मन वळणं आलंच.

आणि लाखाला एकदम अडवण्याचं दुसरं उदाहरण तर घराजवळचंच आहे. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ साली ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा फॉर्ममध्ये नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या बायकांनी काय टाकायचं? आमच्या वाचनालयात एका रविवारी अशा तिघी आल्या. एकीने मला विचारलं, ‘सासऱ्यांचा टाकला तर चालंल का?’ कुणा मंत्र्याने वा सचिवाने विधवांना वगळायचं ठरवलं होतं, असं मला बिलकुल वाटत नाही. फॉर्म आखताना कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच. पुढे मुदत वाढवावी लागली, अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. पण तोवर कितीतरी जणी त्या एका रकान्यापाशी थांबून राहिल्या, आणि त्यांना थांबवायची इच्छा कुणाचीच नव्हती. ताब्याच्या हे अगदी उलट आहे. ताब्यात निदान कुणाची तरी इच्छा असते, आणि जिथे इच्छा असते तिथे तिला विरोध करता येतो.

डिलिव्हरीच्या गाड्या चालवणारी आमच्या चाळीतली पोरं याला ‘आयडी ब्लॉक’ म्हणतात. सकाळी अॅप उघडावं तर आत शिरताच येत नाही. काल कुणा गिऱ्हाइकाने काही तक्रार केली असेल, किंवा तीही नसेल. मदतीच्या खिडकीत तीच ती तयार उत्तरं येतात. कंपनी म्हणते, हे आमचे कामगार नाहीत, भागीदार आहेत. मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही म्हणून हक्कच नाही, अशी ही कोंडी आहे.

ही कोंडी मुंबईने एकदा फोडलेली आहे, म्हणून मला आशा वाटते. मशीद बंदरात, गोदीच्या आसपासच्या बाजारांत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडींनाही मालक नव्हता. व्यापारी म्हणायचा, तो टोळीवाल्याचा माणूस. टोळीवाला म्हणायचा, काम व्यापाऱ्याचं. अण्णासाहेब पाटलांनी ती माणसं एकत्र केली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याची खुबी अशी की त्याने मालक शोधत बसायचं सोडून दिलं. बोर्ड नेमलं, व्यापारी आणि कामगार दोघांची तिथे नोंद केली, मजुरी बोर्डामार्फत द्यायला लावली आणि वर लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना उभा केला. ‘मालक कोण’ हा प्रश्न सुटला नाही, तरी कामगाराला जाब विचारायला एक पत्ता मिळाला. कर्नाटकाने २०२५ मध्ये अॅपवरच्या कामगारांसाठी जो कायदा केला त्यात काम बंद करण्याआधी चौदा दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यायची अट आहे. माथाडी कायदा करणाऱ्या राज्याने यात मागे का राहावं, हे मला समजत नाही.

अडवणूक नकोच, असं मी म्हणत नाही. फसवणुकीचे पैसे दहा मिनिटांत दहा खाती ओलांडून जातात. १९३० या क्रमांकावर तक्रार आल्या आल्या वाटेतच पैसे अडवले नाहीत तर म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी जाते. माझं मागणं अडवण्यावर नाही, अडवणाऱ्याच्या सहीवर आहे. कुणी अडवलं, कुठल्या नियमाने, किती रुपये, किती दिवस आणि दाद कुठे मागायची, एवढं एका कागदावर, मराठीत, अडलेल्या माणसाच्या हातात पडलं पाहिजे.

यासाठी पायाही आपल्याकडे तयार आहे. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. त्यात प्रत्येक सेवेला जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, मुदत ठरलेली असते, अर्ज फेटाळला तर लेखी कारण द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. अडचण अशी की अपिलाचा हा हक्क अर्ज ‘फेटाळला’ किंवा मुदतीत सेवा दिली नाही तरच लागू होतो. मशीनने अंगठा घेतला नाही, साइटने ओटीपी पाठवला नाही, रकाना भरला गेला नाही, तर अर्ज दाखल झाला वा फेटाळला असं होतच नाही. नकार दिला जातो, पण नकार दिल्याची नोंद होत नाही, मग अपील कशावर करायचं? म्हणून त्या कायद्यात एका वाक्याची भर घाला. यंत्राने नाकारलं तर तो त्या सेवेच्या जबाबदार अधिकाऱ्याचा लेखी नकार समजला जाईल. मग त्या अधिकाऱ्याला काकूंच्या अंगठ्याशी आपोआप देणंघेणं राहील. बँकांना आणि अॅपवाल्या कंपन्यांनाही याच धर्तीवर, त्यांच्या त्यांच्या कायद्यांतून, बांधता येईल.

दुर्दैवाने वारं उलट दिशेने वाहतंय. माहितीच्या अधिकाराची चळवळ या महाराष्ट्रात रुजली, केंद्राच्या आधी आपण २००२चा कायदा केला होता. आता डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मध्ये जो बदल केला, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. व्यक्तीशी संबंधित माहिती नाकारायला त्याने सरळ वाट करून दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं ठामपणे सांगितलं आणि मला ते मनापासून पटतं. पण तो हक्क भाजीवालीचा होता. निर्णय घेणाऱ्याचं नाव लपवायला तो वापरला जाणार असेल तर भाजीवाली उघडी पडते आणि खुर्ची झाकली जाते.

मावशींच्या खात्याचं पुढे काय झालं ते सांगतो. चौथ्या फेरीत मी वाचनालयाच्या कोऱ्या कागदावर अर्ज लिहून नेला होता, दोन प्रतींत. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण त्यासाठी आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. मी त्या मुलाला म्हटलं, अर्ज घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. तो म्हणाला, हल्ली कागद घेत नाही, ऑनलाइन टाका. मी म्हटलं, मावशींना ऑनलाइन येत नाही, आणि ऑनलाइनवर तुमची सही येत नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने खण उघडून शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबून पाहिला, कागदावर उमटवला, तारीख घातली आणि खाली सही केली. मी विचारलं नव्हतं तरी सहीखाली स्वच्छ अक्षरांत पूर्ण नावही लिहिलं.

खातं मोकळं व्हायला त्यानंतरही सात आठवडे गेले. मधे मुलीची फी भरायला मावशींनी भिशी आधी उचलली, तिचे हप्ते अजून चालू आहेत. ते ३४० रुपये अजूनही अडकलेलेच आहेत. ती पोच मात्र मावशींनी पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय. काम झालं, आता टाकून द्या म्हटलं तर ऐकत नाहीत.